जर-तरचा कागद : इटलीचीं न उडालेलीं विमानें

इतिहासाचें पुस्तक मिटल्यावर ‘असें न होतां तसें झालें असतें तर?’ हा प्रश्न ज्याच्या मनांत कधींच उठला नाहीं असा वाचक विरळा. पानिपताविषयींचे जर-तर आमच्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. जेवणें आटोपल्यावर आजोबांनीं विषय काढावा, काकांनीं तो खोडून टाकावा आणि मुलांनीं आ वासून ऐकावें, अशी त्याची रीत. विद्वान् मंडळी मात्र या प्रश्नाकडे नाक मुरडून पाहतात. जें झालेंच नाहीं त्याची चर्चा ती काय करावयाची, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस तें पटत नाहीं. एखाद्या घटनेचें खरें कारण कोणतें हें ठरवावयाचें झाल्यास तें कारण मनांतल्या मनांत काढून पाहावें लागतें. आणि तें काढल्यावरहि परिणाम तोच उरत असेल, तर आपण धरलेलें कारण चुकलें असें समजावें लागतें. जर-तर हा कल्पनेचा खेळ खरा. पण नीट खेळला तर तो वकिलाच्या उलटतपासणीइतका कठोर होऊं शकतो.

असाच एक खेळ या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांमधील वीस वर्षांचा काळ पुढें घेऊन एखाद्या राष्ट्राच्या सैन्याची, आरमाराची वा विमानदलाची कागदावर नव्यानें आंखणी करण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत पुष्कळांस आहे. विमानांच्या बाबतींत त्यांच्या विशेष आवडीचा देश म्हणजे इटली. या खेळाचे नियम दोन. पहिला असा कीं, त्या काळच्या माणसांस जें ठाऊक होतें किंवा ठाऊक करून घेतां आलें असतें तेवढ्यावरच भिस्त ठेवावयाची. १९४० सालचें शहाणपण १९३० सालच्या मंत्र्याच्या डोक्यांत घालावयाचें नाहीं. दुसरा असा कीं, तिजोरींत जेवढा पैसा होता तेवढाच खर्चावयाचा. एका बाजूस वाढविलें तर दुसऱ्या बाजूस कमी करावयाचें. मोठ्या कुटुंबाचा संसार हांकणाऱ्या गृहिणीस हे दोन्ही नियम शिकवावयास नकोत.

प्रथम कोडें काय आहे तें पाहूं. २३ ऑक्टोबर १९३४ रोजीं उत्तर इटलींतील गार्डा सरोवरावर फ्रान्चेस्को आजेल्लो या वैमानिकानें माक्की कारखान्याचें एम. सी. ७२ हें पाण्यावरून उडणारें विमान ताशीं ७०९ किलोमीटर वेगानें उडविलें. तोंवर कोणताहि मनुष्य कोणत्याहि यंत्रांत बसून इतक्या वेगानें गेला नव्हता; आणि दट्ट्याच्या इंजिनावर चालणाऱ्या समुद्री विमानांत तो उच्चांक आजहि अबाधित आहे. आतां सहा वर्षें पुढें यावें. १० जून १९४० रोजीं इटलीनें इंग्लंड व फ्रान्स यांविरुद्ध युद्ध पुकारलें. त्या दिवशीं तिच्या लढाऊ विमानांपैकीं बहुसंख्य विमानें दुपंखी होतीं. त्यांतील सर्वांत नवें म्हणजे फियाट कारखान्याचें सी. आर. ४२. वैमानिकाच्या डोक्यावर आकाश उघडें, चाकें पोटांत न घेतां येणारीं, आणि वेग ताशीं सुमारें ४४० किलोमीटर. हें विमान प्रथम उडालें १९३८ सालीं, म्हणजे इंग्लंडचें एकपंखी स्पिटफायर उडाल्यावर दोन वर्षांनीं. शर्यतीचें विमान आणि रणांगणावरचें विमान यांची सरळ तुलना करतां येत नाहीं हें मान्य. तरीहि जो देश सर्वांच्या पुढें होता तोच सहा वर्षांत सर्वांच्या मागें कसा पडला, हा प्रश्न उरतोच.

अनुभव नव्हता म्हणावें, तर विमानांतून शत्रूवर पहिला बाँब टाकला तो इटालियनानेंच. १ नोव्हेंबर १९११ रोजीं लिबियांत जूलिओ गाव्होत्ती या लेफ्टनंटानें तुर्कांच्या तळावर हातानें बाँब फेंकले होते. विचार नव्हता म्हणावें, तर १९२१ सालीं जूलिओ दूए या सेनानीनें आकाशाच्या स्वामित्वावर ग्रंथ लिहून पुढील युद्ध बाँबफेकी विमानेंच जिंकतील असा सिद्धांत मांडला, आणि तो जगभर वाचला गेला. संघटना नव्हती म्हणावें, तर १९२३ च्या मार्चमध्येंच इटलीचें विमानदल भूदल व आरमार यांच्या बरोबरीचें स्वतंत्र दल झालें होतें. कारखाने होते, कसबी आराखडेकार होते, आणि जिवावर उदार झालेले वैमानिक तर हवे तितके होते.

या दलाचीं सूत्रें १९२६ पासून १९३३ पर्यंत इटालो बाल्बो याच्या हातीं होतीं. बाल्बो हा मुसोलिनीच्या पक्षांतील पहिल्या फळीचा पुढारी. धाडसी, योजक आणि लोकांच्या नजरेंत भरण्याची कला जाणणारा. एकट्यादुकट्या वैमानिकानें महासागर ओलांडून नांव मिळवावें हें त्यास पसंत नव्हतें. सबंध तांडाच शिस्तीनें गेला पाहिजे असा त्याचा आग्रह. १९३३ च्या जुलैंत साव्होया-मार्केत्ती कारखान्याचीं जोडहोडीच्या आकाराचीं २५ लांकडी समुद्री विमानें घेऊन तो इटलीहून निघाला. ॲम्स्टरडॅम येथें एक विमान गमावलें; उरलेलीं २४ शिकागोच्या सरोवरावर उतरलीं. शिकागोनें त्याच्या नांवानें रस्ता ठेवला, आणि विमानांच्या मोठ्या तांड्यास इंग्रजी वैमानिक ‘बाल्बो’ म्हणूं लागले.

या मोहिमा म्हणजे निव्वळ देखावा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. धुक्यांतून केवळ उपकरणांवर नजर ठेवून विमान हांकणें, हवामानाचे अंदाज, बिनतारी संदेश, वाटेवरील इंधनाची तजवीज, हें सर्व त्यांतून शिकतां आलें. परंतु जगानें टाळ्या वाजविल्या त्या तांड्याच्या दृश्याला. आणि टाळ्यांची गोडी एकदां लागली म्हणजे ज्या कामास टाळ्या पडत नाहींत तें काम हळूहळू मागें पडतें. घरांत एका मुंजीचा मांडव गांवानें वाखाणला म्हणजे पुढील वर्षीं विहिरीचा गाळ काढण्याचें राहून जातें, तसाच हा प्रकार.

टाळ्यांचें दुसरें ठिकाण म्हणजे श्नायडर करंडकाची समुद्री विमानांची शर्यत. १९२६ सालीं अमेरिकेंत जाऊन ती इटलीनें जिंकली. जिंकणारें विमान मारिओ कास्तोल्दी या आराखडेकाराचें होतें. पुढें १९२७ व १९२९ सालीं इंग्लंड जिंकलें. १९३१ ची शर्यत जिंकतांच करंडक कायमचा इंग्लंडकडे जाणार होता. पण मजा अशी कीं, इंग्लंडच्या सरकारनें त्या वर्षीं पैसे देण्याचें नाकारलें. अखेर लेडी ह्यूस्टन या श्रीमंत विधवेनें १ लाख पौंड दिले तेव्हां इंग्रजांचें विमान उभें राहिलें. इकडे कास्तोल्दीचें एम. सी. ७२ वेळेवर तयार झालें नाहीं. फियाटनें त्यासाठीं बारा सिलिंडरांचीं दोन इंजिनें एकामागें एक जोडून चोवीस सिलिंडरांचें एक अवाढव्य इंजिन बनविलें होतें व त्यावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे बसविले होते. जमिनीवर तें उत्तम चाले. पण पूर्ण वेगांत हवेचा झोत आंत शिरूं लागतांच आगीचे उलट भडके घेई. त्या वर्षीं दोन वैमानिक प्राणांस मुकले आणि इंग्रजांचें विमान एकट्यानेंच शर्यत धांवलें.

यापुढें दोन देशांचे मार्ग वेगळे झाले, आणि आमच्या कोड्याची पहिली गांठ येथेंच आहे. इंग्लंडनें करंडक कपाटांत ठेवला आणि शर्यतींतून धातु, इंधन व सिलिंडरांतील हवेचा दाब यांविषयीं मिळालेलें ज्ञान रणांगणाच्या उपयोगास लावलें. शर्यतीचीं इंजिनें बनविणाऱ्या रोल्स-रॉइस कंपनीनें १९३३ सालीं मर्लिन हें इंजिन प्रथम चालवून पाहिलें. शर्यतीचें विमान आंखणाऱ्या मिचेल यानेंच स्पिटफायर आंखलें. इटलींत शर्यत संपल्यावरहि आणखी तीन वर्षें उच्चांकाचाच पाठलाग चालू राहिला. १९३४ सालीं तें इंजिन ३००० हून अधिक अश्वशक्ति देऊं लागलें व आजेल्लोचा विक्रम झाला. परंतु त्याचें आयुष्य फार थोडें आणि त्यास लागणारें मिश्र इंधन खास बनविलेलें. मळलेल्या हातांच्या मिस्त्र्यानें वाळवंटांतील छावणींत दुरुस्त करावें, आणि महिनोन् महिने चालावें, असें हजार अश्वशक्तीचें साधें इंजिन त्यांतून निघालें नाहीं.

तेव्हां कागदावरची आमची पहिली दुरुस्ती अशी : १९३१ नंतर उच्चांकाचा पैसा बंद करून तो एका भरंवशाच्या हजार अश्वशक्तीच्या इंजिनाकडे वळवावा.

हें इंजिनाचें प्रकरण थोडें उलगडून सांगणें जरूर आहे. त्या काळीं इंजिनांचीं घराणीं दोन. एकांत सिलिंडर चाकाच्या आऱ्यांप्रमाणें भोंवतीं लावलेले असत व ते वाऱ्यानें थंड होत. दुसऱ्यांत ते रांगेनें असत व पाण्यानें थंड केले जात. पहिलें राकट, दुरुस्तीस सोपें, आणि एखाद्या गोळीनें पाण्याची टाकी फुटून बंद पडण्याचें भय नाहीं; पण त्याचें तोंड रुंद, म्हणून वाऱ्याचा विरोध अधिक. दुसरें नाजुक, पण निमुळतें. इटालियन विमानखात्यानें १९३० नंतरच्या वर्षांत पहिल्या घराण्याची कांस धरली. आफ्रिकेंतील धूळ व ऊन पाहतां तें चुकलें असें म्हणतां येत नाहीं. अमेरिकेनें पुढें याच घराण्यांत दोन हजार अश्वशक्तीचीं उत्कृष्ट इंजिनें बनविलीं. म्हणजे दोष घराण्याचा नव्हता. दोष असा कीं, इटलीच्या लढाऊ विमानांस मिळालेलें फियाट ए. ७४ हें इंजिन ८४० अश्वशक्तीवर थांबलें, आणि त्याच वेळीं इंग्लंड-जर्मनीचीं इंजिनें हजाराच्या पुढें गेलीं होतीं.

दुबळ्या इंजिनाचे परिणाम कोठवर जातात पाहा. साव्होया-मार्केत्ती ७९ हें इटलीचें सर्वांत नांवाजलेलें बाँबफेकी विमान. त्यास तीन इंजिनें लावावीं लागलीं. अशीं विमानें सुमारें १२०० झालीं. दोन जोरदार इंजिनांवर तें काम भागलें असतें तर ३६०० ऐवजीं २४०० इंजिनें पुरलीं असतीं. ज्या देशांत धातु, कुशल कारागीर आणि कोळसा या तिन्हींची वाण, त्या देशानें प्रत्येक विमानामागें एक इंजिन अधिक खर्चावें, हा घाट्याचा व्यवहार झाला.

इंजिन हेंच मर्म होतें याचा पुरावा स्वतः कास्तोल्दीनेंच पुढें दिला. त्याचें सी. २०० हें एकपंखी लढाऊ विमान १९३७ च्या डिसेंबरांत प्रथम उडालें. फियाटच्या इंजिनावर तें ताशीं सुमारें ५०० किलोमीटर जाई. १९४० च्या ऑगस्टांत त्याच जातीच्या सांगाड्यावर जर्मनीचें डाइम्लर-बेंझ इंजिन बसवून त्यानें सी. २०२ तयार केलें, आणि वेग एकदम ६०० च्या घरांत गेला. माणूस तोच, कारखाना तोच, पंख बहुतेक तेच. पालटलें तें हृदय. परंतु जर्मन इंजिन परवान्यानें बनविण्याचें काम अल्फा रोमिओच्या कारखान्यांत सावकाश चाललें, आणि सी. २०२ आघाडीवर पोंचेपर्यंत १९४१ चें साल सरत आलें.

मग हाच परवाना आधीं घेतां आला नसता काय? खेळाच्या पहिल्या नियमाप्रमाणें दार खरोखर कोठें उघडें होतें तें पाहावें लागतें. १९३५ च्या जानेवारींत फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री लाव्हाल यानें रोमला येऊन मुसोलिनीशीं सलोख्याचा करार केला. त्याच सुमारास फ्रान्समधील हिस्पानो-सुइझा कंपनीच्या बारा सिलिंडरांच्या इंजिनाचा परवाना रशियानें घेतला. क्लिमोव्ह या अभियंत्यानें तें सुधारीत नेलें आणि पुढें याक जातीच्या विमानांची सबंध पिढी त्या वंशाच्या इंजिनांवर उभी राहिली. इटलीनें हेंच केलें असतें तर? दार उघडें होतें. पण नऊ महिनेच. ऑक्टोबरांत मुसोलिनीनें ॲबिसीनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली, नोव्हेंबरांत राष्ट्रसंघानें आर्थिक बहिष्कार घातला, आणि पॅरिसशीं नुकताच जुळलेला स्नेह आटूं लागला. त्यानंतर उरला जर्मनीचा दरवाजा, आणि तेथें अटी जर्मनीच्या.

दुसरी गांठ म्हणजे स्पेन. १९३६ ते १९३९ या तीन वर्षांच्या यादवींत इटलीनें सातशेंहून अधिक विमानें तिकडे धाडलीं. फियाट सी. आर. ३२ या दुपंखी विमानानें तेथें चांगलें नांव मिळविलें. तें चपळ होतें, गिरक्या घेण्यांत पटाईत होतें, आणि वैमानिकांचें त्यावर प्रेम जडलें. जिंकणाऱ्यास शिकविणें कठीण असतें. ‘आपलें दुपंखी विमान जिंकतें’ हा अनुभव घेऊन ते परतले, आणि त्याचाच थोरला भाऊ जो सी. आर. ४२, तो खात्यानें मागविला. सी. २०० ला प्रथम वैमानिकाच्या डोक्यावर कांचेचें छत होतें. वैमानिकांनीं तक्रार केली म्हणून तें काढण्यांत आलें. जर्मनहि त्याच स्पेनमध्यें लढले; पण त्यांनीं आपलें दुपंखी विमान तेथेंच मागें टाकून नवें एकपंखी मेसरश्मिट पुढें आणलें. एकाच शाळेंत बसून दोघांनीं दोन निराळे धडे घेतले.

उच्चांकांचा मोह किती फसवा याचें उदाहरण ब्रेडा ८८ या विमानानें घालून दिलें आहे. १९३७ सालीं त्यानें वेगाचे विक्रम केले व वर्तमानपत्रें त्याच्या चित्रांनीं भरून गेलीं. मग त्यावर तोफा, बाँब, चिलखत व वाळूच्या चाळण्या चढल्या. १९४० सालीं लिबियाच्या उन्हांत ओझें घेऊन तें धड वर चढेना. कांहीं महिन्यांतच यंत्रसामग्री काढून घेऊन त्या विमानांचे सांगाडे शत्रूस फसविण्यासाठीं धांवपट्टीच्या कडेला उभे करण्यांत आले. विक्रमवीराची अखेर बुजगावणें होण्यांत झाली.

कागदावरची दुसरी दुरुस्ती त्यामुळें अशी : नव्या विमानाची परीक्षा पूर्ण ओझें चढवून घ्यावी, आणि निवड झाल्यावर एकच विमान मागवावें. प्रत्यक्षांत काय झालें? फियाटचें जी. ५०, माक्कीचें सी. २०० आणि दुपंखी सी. आर. ४२ हीं तिन्ही विमानें मागविण्यांत आलीं, आणि तिन्हींस इंजिन तेंच एक ए. ७४. कोणताहि कारखाना रुसूं नये, कोणाचेंहि काम बंद पडूं नये, म्हणून प्रत्येकाच्या पानांत थोडें थोडें वाढलें गेलें. परिणाम असा कीं, १९४१ या सबंध वर्षांत इटलीनें सर्व प्रकारचीं मिळून सुमारें साडेतीन हजार विमानें बनविलीं; इंग्लंडनें त्याच वर्षीं वीस हजार बनविलीं.

तिसरी गांठ समुद्राची. सर्व विमानें विमानदलाचीं, आरमारास केवळ टेहळणीपुरतीं, असा नियम झाला होता. आणि सबंध इटली हेंच भूमध्य समुद्रांतील एक विमानवाहू जहाज आहे, निराळें कशास हवें, असें मुसोलिनीचें मत होतें. पाणतीर बनविणारा जगांतील जुना व नामांकित कारखाना इटलीच्याच ताब्यांतील फिउमे शहरांत होता. विमानांतून टाकावयाचे पाणतीर तेथें बनत, व जर्मनीहि ते विकत घेई. परंतु खर्च आरमारानें सोसावा कीं विमानदलानें, या वादांत वर्षें गेलीं. पाणतीर टाकणाऱ्या विमानांचें पहिलें खास पथक उभें राहिलें तें जुलै १९४० मध्यें, युद्धांत उडी घेतल्यावर दीड महिन्यानें. त्याच महिन्याच्या ९ तारखेस कालाब्रियाच्या किनाऱ्यासमोर दोन्ही आरमारांची गांठ पडली, तेव्हां फार उंचीवरून बाँब टाकणाऱ्या इटालियन विमानांनीं इंग्रजांबरोबर आपल्याच जहाजांवरहि बाँब टाकले होते.

११ नोव्हेंबर १९४० हा एक दिवस या साऱ्या कथेचें सार सांगतो. त्या दिवशीं बेल्जमहून निघालेल्या इटालियन तुकडीनें इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल्ला केला, सोबतीस सी. आर. ४२ हीं दुपंखी विमानें होतीं. हरिकेन विमानांपुढें त्यांचा निभाव लागला नाहीं. त्याच रात्रीं इंग्रजांचीं २१ स्वोर्डफिश विमानें एका विमानवाहू जहाजावरून उडून इटलीच्या तारांतो बंदरावर गेलीं आणि पाणतीरांनीं तीन युद्धनौका जायबंदी करून आलीं. आतां ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, स्वोर्डफिश हें विमानहि दुपंखीच होतें, आणि सी. आर. ४२ पेक्षां कितीतरी मंद. जुनें यंत्र योग्य कामास, योग्य वेळीं, योग्य शस्त्रासह लावलें तर तें इतिहास घडवितें; अयोग्य कामास लावलें तर माणसें मारतें. तेव्हां कागदावर कोणतें विमान रेखाटलें आहे यापेक्षां तें कोणत्या कामासाठीं रेखाटलें आहे हें आधीं पाहिलें पाहिजे. तिसरी दुरुस्ती म्हणून पाणतीरांचीं पथकें १९३५ च्या सुमारास उभीं करावीं. त्यास नवीन शोध नको, मोठा पैसा नको. दोन खात्यांचा समेट तेवढा हवा.

या तीन दुरुस्त्यांनीं इटली युद्ध जिंकली असती काय? आमच्या मतें नाहीं. १९३९ सालीं तिच्या पोलादाचें उत्पादन तेवीस लाख टनांच्या आसपास होतें; जर्मनीचें त्याच्या सुमारें दसपट. कोळसा बाहेरून, तेल बाहेरून. दैवाचा खेळ असा कीं, ज्या लिबियाच्या वाळूंत तिचे सैनिक इंधनावांचून अडकून पडले त्या वाळूखालीं तेलाचा सागर होता. पण मोठा साठा हातीं लागला तो १९५९ सालीं. एवढें मात्र खरें कीं, १९४० व १९४१ या दोन वर्षांत भूमध्य समुद्रावरील झुंज कितीतरी चुरशीची झाली असती. जर-तरच्या कागदावर इतकें माप पदरांत पडतें.

परंतु हा कागद पुरा करून हातावेगळा करावा तों एक शंका उठते. या तीन दुरुस्त्या करणार कोण? तिन्हींस एक गोष्ट समान लागते : आपल्याजवळ खरोखर काय आहे हें वरिष्ठांस स्पष्ट सांगणारा मनुष्य, आणि तें ऐकून घेणारा वरिष्ठ. १९३३ साल संपण्यापूर्वीं बाल्बोस लिबियाचा गव्हर्नर नेमून दूर करण्यांत आलें. भूदल, आरमार व विमानदल या तिन्ही खात्यांचें मंत्रिपद मुसोलिनीनें स्वतःकडे घेतलें. दोन खात्यांचा तंटा तोडणारा पंच तोच, हिशेब मागणारा तोच आणि ज्याच्याकडे हिशेब मागावयाचा तोहि तोच. अशा दरबारांत वाईट बातमी वर चढत नाहीं. विमानांचे आकडे फुगविले जात. १९३९ च्या अखेरीस व्हाल्ले या सेनापतीस काढून प्रिकोलो याची नेमणूक झाली तेव्हां घरांत काय आहे याची झडती नव्यानें घ्यावी लागली. युद्धाच्या दिवशीं नोंदींतील सुमारें ३३०० विमानांपैकीं लढण्यास सज्ज अशीं सुमारें १८०० च होतीं.

या ठिकाणीं दूएचें चरित्र आठवतें. पहिल्या महायुद्धांत १९१६ सालीं त्यानें सेनापतींच्या चुका लिहून मंत्र्यांस कळविल्या, म्हणून लष्करी न्यायालयानें त्यास एक वर्षाची कैद दिली. पुढें पराभवानें त्याचें म्हणणें खरें ठरविलें; त्यास परत बोलावण्यांत आलें, आणि १९२० सालीं ती शिक्षाहि रद्द झाली. सत्य बोलणारा जुन्या इटलींतहि शिक्षा भोगीत होता. पण तेथें ती शिक्षा चुकीची ठरविणारें कोणी तरी होतें. दोनच वर्षांनीं मुसोलिनी सत्तेवर आला, आणि पुढें चूक कबूल करण्याची ती सोयच उरली नाहीं. इटलीचीं चांगलीं विमानें जर कोठें हरवलीं असतील तर तीं कास्तोल्दीच्या टेबलावर हरवलीं नाहींत. तीं येथें हरवलीं. म्हणजे विमानें सुधारण्यासाठीं राज्य सुधारलें पाहिजे. आणि राज्य सुधारलें असतें तर तें युद्धांत शिरलें असतें काय, हाच मूळ प्रश्न परत उभा राहतो.

शेवटीं आणखी एक गोष्ट, जी हा खेळ खेळणारे पुष्कळदां विसरतात. कागदावर इटलीस चांगलीं विमानें देतांना आपण तीं कोणाच्या डोक्यावर देत आहों? १९३५-३६ सालीं याच विमानदलानें इथिओपियाच्या अनवाणी सैनिकांवर व खेड्यांवर विषारी वायु टाकला. सम्राट् हैले सेलासी यानें ३० जून १९३६ रोजीं जिनीव्हास राष्ट्रसंघापुढें उभें राहून तें जगास सांगितलें. इटलीच्या सरकारनें तें उघड मान्य केलें १९९६ सालीं, साठ वर्षांनीं. पुढें १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चांत इरिट्रियांतील केरनच्या डोंगरांत हिंदी सैन्याची इटालियनांशीं घनघोर लढाई झाली. त्यांत मराठा पलटणीहि होत्या. त्या वेळीं पूर्व आफ्रिकेंतील इटालियन दलास नवीं लढाऊ विमानें मिळत तीं सी. आर. ४२ चे भाग सुटे करून, मोठ्या मालवाहू विमानाच्या पोटांत घालून आणलेलीं. त्यांच्या जागीं सी. २०२ चीं भरगच्च पथकें केरनवर घिरट्या घालीत असतीं, तर सातारा-रत्नागिरीकडील किती घरीं तार गेली असती, याचाहि हिशेब जर-तर मांडणाऱ्यानें मांडला पाहिजे. नकाशावर खेळणाऱ्यास दोन्ही बाजूंचीं सोंगटीं दिसतात. सोंगटीखालचीं माणसें दिसत नाहींत.

म्हणून आमचा निकाल असा. कास्तोल्दीच्या बुद्धीविषयीं आदर धरावा, आजेल्लोच्या धैर्यास नमस्कार करावा, आणि हीं दोन्ही ज्यांच्या पायीं वाया गेलीं त्यांच्याविषयीं कींव करावी. पण तीं विमानें त्या राजवटीच्या हातीं वेळेवर पडलीं नाहींत याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. घरांतील तरुणांस हा खेळ खेळावासा वाटल्यास अवश्य खेळूं द्यावा. फक्त कागदावर पहिलें विमान रेखाटण्यापूर्वीं त्यांनीं एक प्रश्न लिहावा : या घरांत खरा हिशेब मोठ्यानें वाचून दाखविण्याची मुभा कोणास होती? तो प्रश्न राष्ट्रास जसा लागू पडतो तसा संस्थेस, कारखान्यास आणि चार भावांच्या एकत्र संसारासहि लागू पडतो. ज्या घरीं धाकटी सून तांदळाच्या कोठींत तळ दिसूं लागल्याचें न भितां सांगूं शकते, त्या घरीं पंगतीच्या ऐन वेळीं अब्रू जात नाहीं.